पंच्याऐंशीवर थांबणारे भोयर सर

भोयर सरांना कुणी "नक्की ना?" असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "पंच्याऐंशी." म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी. संध्याकाळच्या मीटिंगला येणार का? पंच्याऐंशी. पेपर सोपा काढलाय का? पंच्याऐंशी. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि "सर, नक्की यायचं हं" म्हटलं, तेव्हाही त्यांनी पत्रिका कपाळाला लावली आणि म्हणाले, "पंच्याऐंशी, मॅडम." मला चांगलाच राग आला. एका बिल्डिंगमध्ये राहायचं, एका कॉलेजात शिकवायचं, आणि लग्नाला यायला पंधरा टक्के राखून ठेवायचे म्हणजे काय! आले अर्थातच. सगळ्यांच्या आधी आले आणि मांडववाल्याला खुर्च्या लावू लागले.

सर फिजिक्सचे, मी मराठीची. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, त्या कुणी लावल्या देव जाणे. मनीषनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते दुसऱ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या. त्यांच्या मिसेस निर्मलाबाई आधी गेल्या, आणि वर्षाच्या आत सरही गेले. मी तोवर नागपूर सोडून नाशिकला मुलीकडे राहायला आले होते. कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी सरांचा फोटो टाकला, त्याखाली सगळ्यांनी हात जोडले. एकानं लिहिलं, "मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व." मनमिळाऊ? भोयर सर? माझ्या विहीणबाईंना विचारा.

त्या लग्नातच कुणीतरी हौसेनं सरांच्या हातात माइक दिला. दोन शब्द बोला म्हणाले. सरांनी नवरानवरीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सांगायला लागले, की जगात काही कण असे असतात जे एकमेकांत गुंतून जातात. इथवर ठीक होतं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मग म्हणाले, "पण गणितात हे सिद्ध झालेलं हाये, का दोघं एकमेकांत पूर्ण गुंतले तं तिसऱ्याच्या वाट्याले काहीच येत नाही. एकाशी जितकं जास्त, तितकं दुसऱ्याशी कमी. हे कोणाच्या मनावर नाही. तं दोन्हीकडच्या आयांनी हे आताच समजून घ्यावं." विहीणबाईंनी त्यानंतर आइसक्रीमला हात लावला नाही, आणि भेटल्या की अजून मला त्या भाषणाची आठवण करून देतात. मी सरांना जाब विचारला तर ते खरोखर गोंधळले. "काहून? मी तं आशीर्वादच देऊन राहिलो होतो!"

उंच, किडकिडीत माणूस. दिवाळी संपली की माकडटोपी, होळी संपली की डोक्याला दुपट्टा. मध्ये बिनटोपीचे सर फार थोडे दिवस दिसायचे. जुनी स्कूटर होती. रेल्वेचं फाटक लागलं की सगळे घुर्र घुर्र करत उभे राहत. सर इंजिन बंद करून खाली उतरायचे, गाडी स्टँडवर लावायचे आणि जाणाऱ्या रेल्वेचे डबे संपेपर्यंत बघत राहायचे. फाटक उघडलं, मागून हॉर्नचा कल्ला झाला, तरी किक मारायची त्यांना घाई नसायची.

तो पंच्याऐंशीचा आकडा मात्र त्यांनी हवेतून काढलेला नव्हता. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात ते दरवर्षी एक डाव खेळायला लावायचे. दोन मुलं निवडायची. एकाला डार्करूममध्ये बसवायचं, दुसऱ्याला व्हरांड्याच्या पार टोकाच्या स्टोअरमध्ये. दोन्ही दारांत एकेक जण उभा. तो नाणं उडवून आतल्याला लाल नाहीतर पांढरं कार्ड दाखवणार, आतल्यानं फक्त "हो" किंवा "नाही" म्हणायचं. दोघांची उत्तरं सारखी आली की जिंकले. दोघांनाही लाल कार्ड आलं तर मात्र उत्तरं वेगवेगळी यायला हवीत. आत जाण्याआधी काय हवं ते ठरवून घ्या, एकदा आत गेलात की बोलणं बंद.

मुलं खूप खलबतं करायची. शेवटी कुणाच्या तरी लक्षात यायचं, की दोघांनी डोळे मिटून "हो, हो" म्हणत राहावं, दोन्ही लाल आले तेवढ्यापुरतं हरावं. म्हणजे शंभरात पंच्याहत्तर. यापेक्षा चांगली युक्ती माणसाला सापडूच शकत नाही, असं सर फळ्यावर सिद्ध करून दाखवायचे. मग आवाज खाली आणून सांगायचे, की दोघांजवळ एकमेकांत गुंतलेल्या कणांपैकी एकेक कण दिला आणि त्याला विचारून उत्तर दिलं, तर पंच्याऐंशीपर्यंत जाता येतं. कण कितीही लांब असोत, इकडचा निरोप तिकडे जात नाही. तरी उत्तरं जुळतात, कुठल्याही ठरवाठरवीनं जुळली नसती इतकी जुळतात. पण पंच्याऐंशी आणि वर थोडी चिल्लर, बस. त्यापुढे निसर्गसुद्धा जात नाही.

"बरं मग?" मी एकदा म्हटलं. कविता शिकवणाऱ्या बाईला यात काय मोठंसं वाटणार?

सरांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला. "मॅडम, शंभर काहून नाही? शंभर झाले असते तरी कोणाचा निरोप कोणाले जात नव्हता. कोणताच मोठा नियम मोडत नव्हता. तरी पंच्याऐंशीवर थांबलं. भिंत कुठं हाये ते गणितानं सापडलं. काहून हाये, ते कोणालेच धड सांगता येऊन नाही राहिलं." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे इतक्या आशेनं पाहिलं, की क्षणभर वाटलं मलाच माहीत असेल.

एका वर्षी दोन बिलंदर पोरांनी शंभरपैकी शंभर आणले. वर्गात जल्लोष झाला. सरांनी टाळ्या वाजवल्या, दोघांना पुढे बोलावून हात मिळवला आणि मग म्हणाले, "तुम्ही निसर्गाच्या पुढं गेले गा. आता सांगा, बोलत कशानं होते?" पोरं आधी शपथा घेऊ लागली. मग कबूल झालं, की डार्करूममधून स्टोअरपर्यंत एक पाण्याचा पाइप जातो, आणि दोघं अंगठीनं तो वाजवत होते. सरांनी शिक्षा केली नाही. उलट त्या दिवसापासून ते पाइप दाखवूनच शिकवायचे. जिथं शंभर येतात तिथं कुठंतरी कुणीतरी बोलतंय, एवढं ध्यानात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

त्या भिंतीबद्दल सरांना काहीतरी सुचलं होतं. काय ते मला समजलं नाही, पण परदेशातल्या एका संस्थेनं त्यांना वर्षभरासाठी बोलावलं. रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरलेला, नागपूरच्या साध्या कॉलेजातला मास्तर, त्याला! आम्ही सगळ्यांनी स्टाफरूममध्ये तर्रीपोहे मागवले. "जाणार ना सर?" विचारलं तर म्हणाले, "पंच्याऐंशी." त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावरून मी ते शंभरच धरले होते.

व्हिसा हातात आला आणि निर्मलाबाई स्वयंपाकघरात पडल्या.

धंतोलीतल्या हॉस्पिटलात कितीतरी आठवडे गेले. मेंदूच्या बुडाशी रक्त अडलं होतं. जीव वाचला, पण मानेखालचं सगळं गेलं, वाचाही गेली. डोळे उघडे असायचे, पण ते कुणाला बघत नसत. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिली, "वर बघा, खाली बघा" म्हणून पाहिलं, काही झालं नाही. "ऐकू येत असेल, नसेलही," म्हणाले, "आत किती शिल्लक आहे ते आज सांगता येत नाही." आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, म्हणून चार माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्यानं वर आणलं. त्यानंतर निर्मलाबाई खाली उतरल्या नाहीत. सरही जवळजवळ नाहीच. परदेशातल्या लोकांना त्यांनी काय कळवलं ते आम्हाला सांगितलं नाही. कॉलेजातून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. स्कूटर पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली. औषधाचं दुकान, गिरणी आणि पुन्हा दुसरा मजला, एवढंच त्यांचं जग उरलं. मी जाऊन बसायची, पण पंधरा मिनिटांत मला त्या खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं आणि मी काहीतरी निमित्त काढून वर पळायची. सरांना पळायला वरचा मजला नव्हता.

अशात बेबीताई आल्या. निर्मलाबाईंची थोरली बहीण, म्हणजे सरांची आकडसासू. राहायच्या कळमेश्वरला. नवरा तिथल्या कारखान्यात होता, तो गेल्यापासून दिराच्या घरी मागच्या खोलीत पडून असायच्या. चार दिवसांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या. ठेंगणी, गोल, सतत बोलणारी बाई. त्यांच्या आवाजानं त्या घरात पुन्हा भांडी वाजायला लागली, फोडणीचा वास यायला लागला.

एक दिवस त्या धावत वर माझ्याकडे आल्या. "बाई, चला वं लवकर! निर्मला बोलली!"

मी खाली गेले. बेबीताईंनी बहिणीचा उजवा हात आपल्या तळहातात धरला होता. "आता पाहा. निर्मला, ह्या वरच्या मॅडम होत ना? हो असंल तं एकदा दाब, नाही असंल तं दोनदा." थोडा वेळ गेला. "हो म्हणते! पाह्यलं?" मी काही पाहिलं नव्हतं. बोट हललेलं मला दिसलं नाही. मी स्वतः हात धरून पाहिला, सरांनी पाहिला, आम्हाला काही लागलं नाही. "तुमच्या हाताले नाही समजत जी, भाऊजी," बेबीताई म्हणाल्या. "लहानपणापासून मी हिचा हात धरून शाळेत नेली. मले समजते."

सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कोरड्या विहिरीत पाणी दिसावं तसा माणूस उजळला.

मग त्या घरात सगळं त्या हाताला विचारून चालू लागलं. आज कोणती साडी? हिरवी का? हो म्हणते. कूलर लावू का? नाही म्हणते. भाजीत सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, घालू का, शेजारच्यांना सांबारवडी पाठवू का, सगळं. सर पलंगाजवळ बसून बायकोला दिवसभराचं सांगायचे आणि शेवटी विचारायचे, "कंटाळली का वं?" बेबीताई हात धरून सांगायच्या, "नाही म्हणते." सर बिचारे खूश.

त्यांचा एकुलता एक मुलगा अमोल बंगलोरला असतो. त्यानं तिथं एक चांगलं केंद्र शोधलं होतं. आईला तिथं ठेवू, बाबांना आपल्या घरी आणू, बाबांनी थोडं तरी जगावं, असं त्याचं म्हणणं. मुलगा वाईट नव्हता. सरांनी निर्मलाबाईंना विचारलं, "तुले बंगलोरले जायचं का?" हात दोनदा दाबला गेला. "इथंच राहायचं का?" एकदा. बंगलोर तिथंच संपलं.

अमोल सुट्टीत आला तेव्हा त्यानं दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी बेबीताई खाली भाजीला गेल्या असताना तो बोलला. मी तिथंच बसले होते. "बाबा, आई एकदाही चुकत नाही. एकदाही नाही. तुमच्या वर्गात कोणी असं केलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

सर बायकोच्या गाऊनची गुंडी लावत बसले. ती गुंडी आधीच लावलेली होती.

"मावशी खोटं बोलतात असं नाही म्हणत मी. पण परीक्षा घ्या ना बाबा. आख्ख्या जगाची घेता."

"पाहू," सर म्हणाले. पंच्याऐंशीसुद्धा नाही. अमोल चिडूनच परत गेला.

किती दिवस त्यांनी ते टाळलं! मला दिसत होतं. त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, की परीक्षा कशी घ्यायची आणि उत्तर काय येऊ शकतं. मे महिन्यात एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. कूलर पूर्ण जोरात सोडला होता, एकीच्या कानातलं दुसरीला ऐकू येऊ नये इतका. दोन मोबाईल होते, दोन्हींत सरांनी आपल्या आवाजात प्रश्न भरले होते. एकाच्या इअरफोनची बटणं निर्मलाबाईंच्या कानात, दुसऱ्याची बेबीताईंच्या. "दोघींले एकाच वेळी प्रश्न आयकू येतील, बेबीताई. तुम्ही फक्त हात धरा, अन् ती काय म्हणते ते सांगा." काही प्रश्न दोघींना सारखे होते, काही वेगळे, हे त्यांना सांगितलं नाही; प्रश्नांची यादी माझ्या हातात होती. त्यांना वाटलं, निर्मलाचा अभ्यास घ्यायचा आहे. त्यांनी सकाळीच बहिणीला न्हाऊ घालून वेणी घातली होती, पावडर लावली होती.

पहिला प्रश्न दोघींना सारखा होता. तू नागपूरला राहतेस का? "हो म्हणते," बेबीताईंनी सांगितलं.

मग निर्मलाबाईंच्या कानात गेलं, तुला दोन मुलं आहेत का? बेबीताईंच्या कानात गेलं, अमोल तुझा मुलगा का? "हो म्हणते!"

मग निर्मलाबाईंना विचारलं, तुझं नाव निर्मला का? आणि बेबीताईंना, तुझं नाव शारदा का?

बेबीताई हसल्या. "नाही म्हणते. नाही तं काय, शारदा कुठची!"

प्रश्न आणखी होते. सरांनी सगळे विचारले, एकही गाळला नाही. सारखा प्रश्न असला की उत्तर बरोबर. वेगळा असला की दर वेळी उत्तर बेबीताईंच्या कानातल्या प्रश्नाचं. निर्मलाबाई छताकडे बघत पडल्या होत्या.

बेबीताईंनी कानातली बटणं काढली. घामेजलेल्या, आनंदलेल्या होत्या. "बरोबर आलं का जी सगळं, भाऊजी?"

सर बटणांच्या तारा बोटाला गुंडाळत राहिले. गुंडाळून झाल्या तरी गुंडाळतच राहिले. मग म्हणाले, "बरोबर आलं. निर्मलाले शंभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना जिन्यातच गाठलं. मला संताप आला होता, कशाचा ते नीट कळत नव्हतं. "तुम्ही त्यांना सांगत का नाही? आणि अमोलला?"

"अमोलले सांगतलं, थांब म्हणून. अजून पाहून राहिलो म्हणून."

"काय पाहायचं राहिलंय आता? काल दिसलं नाही का?"

सर पायरीवर बसले. "काय दिसलं, मॅडम? हात निर्मलाचा नव्हता, एवढं दिसलं. बेबीताईंच्या मनातलंच त्यांच्या हाताले लागते, त्यांनाही माहीत नाही. पण आत निर्मला नाही, असं कुठं दिसलं?" मग इतक्या हळू बोलले, की मला खाली वाकावं लागलं. "अन् असंल तं? तुम्ही इचार करा ना. ती आत असंल, सगळं आयकून राहिली असंल. आपण विचारतो, कंटाळली का. अन् तिच्या नावानं दुसरंच कोणी सांगते, नाही म्हणते. बंगलोरचं विचारलं, तेही दुसऱ्यानंच सांगतलं. अन् तिले नाही म्हणता येत नाही. ओरडता येत नाही. मी तिच्यासमोर बसून हसत होतो, मॅडम."

इतके दिवस मला वाटायचं, त्या घरात सर अडकलेत. आत आणखी एक खोली होती, आणि तिला दार होतं की नाही तेच कुणाला माहीत नव्हतं.

"मग बेबीताईंना?"

"त्यांना सांगतलं तं त्या जातील कुठं? दिराच्या मागच्या खोलीत? त्यांच्या त्या हातावर घर चालून राहिलं," असं म्हणून ते उठले आणि औषधं आणायला गेले.

त्यानंतर सरांनी बायकोला प्रश्न विचारणं बंद केलं. नुसतं सांगायचे. बेबीताई मात्र विचारत राहिल्या आणि सांगत राहिल्या, निर्मला म्हणते असं, निर्मला म्हणते तसं. प्रत्येक वेळी सर मान वर करून निर्मलाबाईंच्या चेहऱ्याकडे बघायचे. मला ते बघवायचं नाही. त्या घरात तीन माणसं होती आणि तिघंही एकमेकांना काही सांगू शकत नव्हती.

मी रिटायर झाले, फ्लॅट विकला, नाशिकला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सामान पुढे गेलेलं, ऑटो खाली उभी, आणि मी निरोप घ्यायला दुसऱ्या मजल्यावर गेले. बेबीताई गिरणीत गेल्या होत्या. सरांनी मला आत घेतलं आणि दार लावून घेतलं. घाईत होते. भोयर सर आणि घाईत!

"मॅडम, पाच मिनटं द्या. मले तुमचे डोळे पाहिजेत."

मी हातातली पर्स खाली ठेवली.

"मी रोज दुपारी, बेबीताई निजल्या का, तिले एकच शिकवून राहिलो. हो असंल तं वर पाह्य. नाही असंल तं काही नको करू. पहिले तं काहीच नव्हतं. आता मले वाटते, वर जातात तिचे डोळे. पण मले वाटते त्याचा काय भरवसा? बेबीताईंलेही वाटतच होतं ना. मी तिच्या कानात विचारीन, तुम्हाले आयकू येणार नाही. तुम्ही नुसतं पाहा अन् वर गेले का नाही ते सांगा. बरोबर का चूक ते मले विचारू नका. सांगतलं तं पुढच्या वेळी तुम्हीच उत्तर देसाल."

त्यांनी मला पलंगासमोरच्या खुर्चीत बसवलं. स्वतः बायकोच्या कानाशी वाकले, तोंडाला हाताची आड केली, आणि पुटपुटून झाल्यावर माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी निर्मलाबाईंच्या डोळ्यांत बघितलं. इतक्या वर्षांत इतक्या जवळून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. बराच वेळ काही झालं नाही. मग बुबुळं हलली, अगदी सावकाश, आणि वर पंख्याकडे गेली.

"वर," मी म्हटलं.

सर पुन्हा वाकले. पुन्हा पाठ केली. या वेळी डोळे होते तिथंच राहिले. "नाही." पुन्हा विचारलं, "नाही." मग, "वर." मग आणखी. मला काही कळत नव्हतं, की मी कशाला वर म्हणतेय आणि कशाला नाही. सरांची पाठ तेवढी दिसत होती. पुढच्या "वर"नंतर ती पाठ वाकली, आणि वळून ते पलंगाच्या कडेला जमिनीवर बसले.

"सगळं आयकून राहिली होती वं तू," ते म्हणाले. "इतके दिवस."

सरांनी दुपट्ट्यानं चेहरा पुसला आणि लगेच म्हणाले, "पण एवढ्यानं नाही होत. अजून खूप वेळा पाहावं लागंल. तुमच्या डोळ्यांचीही चूक असू शकते."

खाली ऑटोवाला हॉर्न मारत होता. तेवढ्यात कुलूप उघडून बेबीताई आल्या. पिठाचा डबा दारातच ठेवला, पदरानं हात पुसले आणि सवयीनं सरळ पलंगाशी जाऊन बहिणीचा हात धरला. "निर्मला, मॅडम जाऊन राहिल्या ना वं. काय म्हणतं?"

"बेबीताई," सर म्हणाले, "हात सोडा तिचा."

"आं?"

"हात खाली ठेवा. या, इथं मॅडमच्या खुर्चीत बसा. मी तिच्या कानात विचारतो, तुम्ही तिच्या डोळ्याकडं पाहा. वर गेले का नाही ते सांगा मले."

बेबीताईंनी आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या हुशार होत्या, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा पडत गेला. "मंग हे... इतके दिवस मी..."

"इतके दिवस तुम्ही नसत्या तं ह्या खोलीत तिच्याशी कोणी बोललंच नसतं. मीही नाही." सरांनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. मले दुसरं माणूस पाहिजे, बेबीताई. बसा जी."

त्यांनी बहिणीचा हात चादरीवर ठेवला. त्यावरची एकेक सुरकुती सारखी केली. आणि खुर्चीच्या अगदी टोकावर येऊन बसल्या. रिकामा झालेला हात कुठं ठेवावा ते त्यांना समजत नव्हतं, त्यांनी तो दुसऱ्या हातात धरून मांडीत दाबून ठेवला.

मी चपला घालत होते. दारातून वळून पाहिलं, तर सर पुटपुटून झाले होते आणि भिंतीकडे तोंड करून उभे होते. बेबीताई पुढे वाकल्या होत्या. कूलर बंद होता, खोलीत काही आवाज नव्हता.

"वर गेले जी," बेबीताई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "वर गेले, भाऊजी!"

"रडू नका," सर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "दिसणार नाही तुम्हाले. डोळे पुसा. पुढचं विचारतो."